अवयवाचा रकाना

माझी सारी नोकरी एका टेबलावर झाली. टेबल बदललं, खुर्ची बदलली, कामाची भाषा दोनदा बदलली, पण काम तेच राहिलं. आजारी सरकारी नोकराला बाहेरगावच्या डॉक्टरकडं जायची परवानगी द्यायची. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडरही नव्हतो. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरात जन्मलो, मॅट्रिक झालो आणि उस्मानाबादला कारकून म्हणून चिकटलो. तरीपण माझी टिप्पणी असल्याशिवाय जिल्ह्यातल्या एकाही सरकारी नोकराला जिल्ह्याबाहेर जाऊन रीतसर आजारी पडता येत नसे. कचेरीचं नाव लिहीत नाही. तिथं आज काम करणारी मुलं माझ्याच गावची आहेत आणि मला अजून त्यांच्यासमोरून बाजारात जायचं असतं.

बाहेरच्यांसाठी हा धंदा थोडा समजावून सांगतो. सरकारी नोकर आजारी पडला की त्याच्या उपचाराचा भार सरकार उचलायचं. आता लोक याला विमा म्हणतात, योजना म्हणतात. आम्ही ‘सवलत’ म्हणायचो. अट एकच, डॉक्टर सरकारी यादीतला हवा. आधी तालुक्याचा डॉक्टर, त्याला जमलं नाही तर जिल्ह्याचा, त्यालाही जमलं नाही तर यादीतला तज्ज्ञ. यादीत नसलेल्या डॉक्टरनं तुम्हाला बरं केलं, तर तो तुमचा खासगी मामला. आणि यादीतला डॉक्टरसुद्धा सरकारी रुग्ण घ्यायला तयार असायला हवा. पुष्कळजण नसत, कारण वरून त्यांना प्रश्न येत.

प्रश्न कसे, तर एक सांगतो. भूमकडचा एक गिर्दावर, म्हणजे गावोगाव फिरून महसुलाची तपासणी करणारा अंमलदार, सरकारी फेरीवर असताना घोड्यावरून पडला आणि त्याची मांडी मोडली. मी सगळे कागद लावून प्रकरण वर पाठवलं. वरून विचारणा आली की, पडतेवेळी घोडा कामावर होता काय? मी गिर्दावराचा जबाब घेतला, घोडा कामावरच होता असं कळवलं. तर त्यावर उत्तर आलं, घोड्याच्या नेमणुकीचा हुकूम जोडावा. तोवर मांडी आपली आपण जुळून आली होती, जराशी वाकडी.

भाषावार प्रांतरचना झाली आणि आम्ही जागचे न हलता हैदराबादेतून मुंबईत आलो. नवे नमुने आले, नवी यादी आली. नव्या नमुन्यात सातवा रकाना होता, ‘रोगग्रस्त अवयव (एकच लिहावा)’. याच रकान्यानं मला पुढं ज्ञानोबाराव माने दाखवले.

ज्ञानोबाराव परंड्याच्या तहसिलीत मुहाफिज होते, म्हणजे जुन्या दप्तराचे रखवालदार. मूळचे बेंबळीचे, घरी शेती. निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकले होते आणि शिकस्ता लिपी वाचायचे. शिकस्ता म्हणजे कारकुनांनी घाईघाईनं लिहिलेली मोडकी उर्दू. टिंबं गाळलेली, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. कुळांचे, इनामांचे, बांधांचे सगळे जुने निकाल त्याच अक्षरात होते आणि आता ते मराठीत उतरवून घ्यायचे होते. परंड्यात ते वाचणारे दोघे होते. त्यातले एक पेन्शनीत गेले. उरले ज्ञानोबाराव.

ते पहिल्यांदा माझ्यासमोर आले तेव्हा मला माणूस नीट दिसलाच नाही. ओठ सुजलेले, डोळ्यांच्या जागी दोन फटी, मानेवर रुपयाएवढाल्या गांधी. बोलता बोलता शिंका यायच्या आणि शिंका थांबल्या की छातीतून पेटीच्या भात्यासारखा आवाज यायचा. सोबत त्यांची बायको सुंदराबाई होती. ठेंगणी, कोरडी, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणारी. त्यांनी मला थोडक्यात हकीकत सांगितली. आधीच्या पावसाळ्यात मुहाफिजखान्याचं छत गळलं, त्यानंतर कधीतरी हे सुरू झालं. तालुक्याच्या डॉक्टरनं आधी जंताचं औषध दिलं, मग वांगं बंद केलं, मग भुईमूग, मग म्हशीचं दूध, शेवटी हवापालट करा म्हणाला. गावी बेंबळीला गेले की चार दिवसांत माणूस लख्ख व्हायचा. परंड्याला कामावर आला की तिसऱ्या दिवशी पुन्हा फुगायचा.

त्यामुळं तहसीलदारांना खात्री पटली होती की हे कामचुकारपणाचं सोंग आहे. सुट्टीत बरी होणारी आणि कामावर आजारी पडणारी माणसं त्यांनी पूर्वीही पाहिली होती, फक्त कुणी इतक्या मेहनतीनं सुजून दाखवलं नव्हतं. त्यांनी लेखी कळवलं की, तज्ज्ञाचा दाखला आणावा, नाहीतर नोकरीस अपात्र म्हणून घरी पाठवण्यात येईल.

मी विचारलं, “दप्तराच्या धुळीनं तर होत नसेल?”

ज्ञानोबाराव दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, “पंधरा वर्षं सांभाळलंय म्या त्यास्नी. कागद कशाला मला त्रास देईल?”

मी तो विषय तिथंच सोडला. चूक माझी, आणि ती मी पुढं महिनोन् महिने रीतसर चालवली.

आमच्या जिल्ह्याच्या डॉक्टरांत एक नवीन पोरगेला डॉक्टर आला होता. त्यानं तपासून कागदावर एकच शब्द लिहिला, ‘ॲलर्जी’. हा शब्द आमच्या कचेरीत तोवर आला नव्हता. मी कागद साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, हे कुठल्या जिल्ह्यात येतं? मी सांगितलं की हा रोग आहे. साहेब म्हणाले, मग यादीत बघा.

यादीत हाडं होती, डोळे होते, कान-नाक-घसा होता, त्वचा, छाती, दात आणि मेंदू होता. ॲलर्जी नव्हती. मी वर विचारणा केली की ॲलर्जीचा तज्ज्ञ कोण? उत्तर आलं, सदर रोग कोणत्या अवयवाचा आहे ते सातव्या रकान्यात लिहून प्रकरण फेरसादर करावं. मी लिहिलं, ‘सर्व शरीर’. ते परत आलं, शेरा होता : सर्व शरीर हा अवयव नाही. मी ‘नाक व त्वचा’ लिहिलं. तेही परत आलं. ‘व’खाली लाल रेघ होती.

प्रत्येक फेऱ्यात ज्ञानोबारावांची सही लागायची. ते परंड्याहून बसनं यायचे, माझ्या टेबलाशी बसायचे, मी त्यांच्या हातात फाइल द्यायचो आणि ते सही करायचे. सही करायच्या आधी ते सगळं वाचून काढायचे. दप्तरवाल्या माणसाची ती सवयच. येताना जेमतेम बरे असत, जाताना त्यांना दिसत नसे. मी इमानदारीनं नोंद करायचो : रोग उत्तरोत्तर बळावत आहे.

शेवटी मी ‘नाक’ लिहिलं आणि मंजुरी आली. नाकवाल्या तज्ज्ञानं नाकात बत्ती घालून पाहिलं आणि नाक निर्दोष आहे, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा असं लिहून दिलं. त्वचेसाठी नवा नमुना भरला, तीन महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरची मंजुरी आली. ज्ञानोबाराव आधी बेंबळीला जाऊन, धुतलेलं धोतर घेऊन, चार दिवसांनी पुण्याला पोचले. तोवर अंगावर एक गांध उरली नव्हती. डॉक्टरनं त्यांना उलटंसुलटं करून पाहिलं आणि दाखला दिला : प्रकृती निरोगी, त्वचा उत्तम.

तो दाखला तहसीलदारांना पावला. त्यांनी लिहिलं की आपला संशय तज्ज्ञानंही मान्य केला आहे, आता महिनाअखेर अपात्रतेचा हुकूम काढू. ज्ञानोबाराव कामावर रुजू झाले आणि दोन दिवसांत त्यांचे डोळे सुजून बंद झाले.

सुंदराबाई एकट्याच उस्मानाबादला आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या त्या कागदात माणूस मरायलाय. आता तुमी स्वता चला.”

मला कुणी असं बोललं नव्हतं. मी जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं, त्यानं सोलापूरच्या एका डॉक्टरचं सांगितलं. गिरणीत काम करणाऱ्यांना कापसाच्या धुळीनं दम लागतो, त्याचे रुग्ण ते बघत. हा प्रकार त्यांना कळतो, असं कंपाउंडर म्हणाला. यादीत शोधलं तर ‘छाती’खाली त्यांचं नाव होतं. मी पत्र पाठवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं : मी सरकारी रुग्ण घेत नाही. मागं एका रुग्णाला खोकल्याच्या दोन बाटल्या दिल्या, तर तो एकाच बाटलीत का खोकला नाही असं मला विचारण्यात आलं.

साहेबांनी मला एक दिवसाची रजा दिली आणि जाऊन बघा म्हणाले.

आम्ही तिघं सकाळच्या बसनं निघालो. ज्ञानोबाराव पंधरा दिवस बेंबळीला राहून आले होते, त्यामुळं चेहरा इतका स्वच्छ होता की मी प्रथमच त्यांना नीट पाहिलं. नाकीडोळी चांगले होते. मला काळजी पडली की हाही डॉक्टर निरोगी म्हणून लिहून देईल. म्हणून मी सबंध फाइल पिशवीत घेतली होती, निदान इतिहास तरी दाखवता यावा. ती आता दोन विती जाड झाली होती. त्या काळात कागदाची टंचाई होती आणि आमच्या कचेरीत जुन्या उर्दू नमुन्यांचे गठ्ठे पडले होते. पावसात भिजले, वाळले, एका बाजूनं कोरे. कच्चे मसुदे आणि टिप्पण्या आम्ही त्यांच्या पाठीवर लिहायचो.

बस सुटली तसे ज्ञानोबाराव म्हणाले, माझ्यावर एवढं काय लिहिलंय ते एकदा बघू द्या. मी फाइल त्यांच्या मांडीवर ठेवली. ते माझा मजकूर वाचत आणि मग पान उलटून पाठीमागची उर्दूही वाचत. एका पानाच्या मागं कुठल्याशा पाटलाच्या बैलाच्या चोरीची फिर्याद निघाली, ती त्यांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. इतकं आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोन-तीन शिंका आल्या, त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

तुळजापूरचा स्टँड येईस्तोवर त्यांचा चेहरा भाकरीसारखा फुगला होता. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, “अगं बाई, यास्नी देवी आल्यात.”

आता आमच्याकडं गोवर-कांजिण्यांच्या वरचा तो भयंकर रोग म्हणजे देवी, आणि बस उभी होती तुळजापुरात. निम्म्या लोकांनी रोग समजून खिडक्यांतून सामान बाहेर टाकलं. उरलेल्या निम्म्यांनी हात जोडले. एक बाई तर त्यांच्या पायावर हळदकुंकू वाहून, मुलाला नोकरी कधी लागेल ते विचारू लागली. कंडक्टर म्हणाला की रोगी असेल तर खाली उतरवा, देवीचा असेल तर बसवून ठेवा, पण काय ते नक्की सांगा. मी जन्मानं पुजारी आणि पेशानं आजाराचा कारकून. दोन्ही बाजूंनी माझ्याकडंच पाहिलं गेलं. मी सांगितलं की हा रोगही नाही आणि देवीही नाही, हे सरकारी प्रकरण आहे. ते ऐकून उरलेलेही उतरले.

रिकाम्या बसमध्ये आम्ही पुढं निघालो, आणि घाट उतरताना हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. ज्ञानोबारावांना श्वास घेता येईना. आत जायची हवा गळ्यातच अडकायची, नखं निळी पडली. ते माझं मनगट धरून होते आणि काही सांगू पाहत होते, शब्द येत नव्हता. सुंदराबाईंनी त्यांच्या मांडीवरून फाइल ओढून घेतली आणि मागच्या बाकावर भिरकावली, त्यांना खिडकीशी बसवलं आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या. ड्रायव्हरनं कुठं गाडी थांबवली नाही. सोलापूर येईपर्यंत मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. देवीचं नाव घेतलं असेल.

डॉक्टरांच्या दारात मी ‘सरकारी रुग्ण’ एवढं म्हणालो आणि ते नकार द्यायला तोंड उघडतात तोच त्यांची नजर ज्ञानोबारावांवर पडली. त्यांनी लगेच दंडात सुई दिली. बघता बघता छातीतला आवाज उतरत गेला, ओठांवर रंग आला. सुंदराबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. तेव्हा मला कळलं की बेंबळीहून निघाल्यापासून त्यांनी कुठं पाठच टेकली नव्हती.

मग डॉक्टरांनी सावकाश चौकशी केली. कधी होतं, कधी जातं, होताना हातात काय असतं. बसमध्ये हातात काय होतं, म्हणून विचारलं. मी स्टँडवर जाऊन बसमधून फाइल आणली. त्यांनी ती दुरूनच चिमट्यानं उघडली. ज्ञानोबारावांच्या हातावर सुईनं दोन ओरखडे काढले. एकावर कोऱ्या कागदाची पूड लावली, दुसऱ्यावर माझ्या टिप्पणीची. कोऱ्या कागदाचा ओरखडा तसाच राहिला. माझ्या टिप्पणीखाली थोड्याच वेळात सुपारीएवढी गांध उठली. भिजून वाळलेल्या कागदाला बुरशी धरते, तिची ही करामत, असं ते म्हणाले. मुहाफिजखान्यातही तीच आणि माझ्या फाइलीतही तीच.

त्यांनी विचारलं, “ही फाइल कुणी तयार केली?”

मी म्हणालो, मी.

“बरीच मेहनत घेतलीत,” ते म्हणाले.

ते रागावून बोलले नाहीत, म्हणून ते मला जास्त लागलं. आठ महिने मी त्या माणसाला बोलावून बोलावून त्याच्या हातात विष देत होतो आणि परिणामाची तारीखवार नोंद ठेवत होतो. ज्ञानोबाराव मात्र माझ्यावर चिडले नाहीत. त्यांना वाईट वाटत होतं ते निराळंच. दवाखान्यातून निघताना ते मला एवढंच म्हणाले की, पंधरा वर्षं सांभाळलं हो त्यास्नी.

डॉक्टर ज्ञानोबारावांना सरकारी रुग्ण म्हणून घ्यायला तयार झाले. सातव्या रकान्यात काय लिहू, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणालो, तुम्ही यादीत छातीला आहात, तर छाती लिहा. त्यांनी छाती लिहिली आणि खाली सल्ला दिला : रुग्णास जुन्या कागदापासून दूर ठेवावे. वरून विचारणा आली, दूर म्हणजे किती फूट? डॉक्टरांनी उलट टपाली पोस्टकार्ड टाकलं : तुम्ही आमच्यापासून जितके आहात तितके.

अपात्रतेचा हुकूम थांबला, पण पेच राहिलाच. परंड्याचं दप्तर वाचणारा एकच माणूस, आणि त्याला दप्तराजवळ जायची मनाई. तहसीलदारांनी आता मला लिहिलं की आपणच मार्ग सुचवावा. मार्ग सुंदराबाईंनी काढला. त्यांनी घरातल्या लग्नाच्या फोटोची काच काढून आणली आणि मुहाफिजखान्याच्या खिडकीच्या चौकटीत, गजांच्या बाहेरून, चुना लावून बसवली. फटी कणकेनं बुजवल्या. ज्ञानोबाराव बाहेर ओसरीवर स्टुलावर बसायचे. आत पट्टेवाला एकेक कागद काचेला लावून धरायचा. ज्ञानोबाराव मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे आणि त्यांच्या शेजारी बसलेला कारकून ते उतरवून घ्यायचा.

मी मुद्दाम बघायला गेलो होतो. ओसरीच्या खाली शेतकरी मंडळी घोळक्यानं बसलेली, कारण आपल्या आज्याच्या बांधाचं काय झालं होतं ते पहिल्यांदाच उघड्यावर वाचलं जात होतं. कुणाचं नाव निघालं की तो माणूस उभा राहायचा. दोन भाऊ तिथंच भांडले, तिथंच मिटले. ज्ञानोबाराव चष्मा पुसून पट्टेवाल्याला खूण करायचे, जरा वर, जरा डावीकडं. असं करत त्या माणसानं सगळं दप्तर संपवलं, बोट न लावता. चेहऱ्यावर सूज नव्हती. काम संपल्यावर त्यांना कोंडवाड्याकडं नेमलं. गुरांनी त्यांना कधी काही केलं नाही.

माझी गोष्ट मात्र पुढं लांबली. दोनेक वर्षांनी नवी छापील यादी आली. मी सवयीनं चाळली. दातांच्या वर एक नवं शीर्षक होतं, ‘ॲलर्जी’. मला इतकं बरं वाटलं की मी साहेबांना हाक मारणार होतो. मग समोरचं नाव वाचलं. ते माझं होतं. हुद्दा, कचेरी, टेबल, सगळं बरोबर. वरच्या कचेरीत या विषयावर पत्रव्यवहार केलेला एकच माणूस त्यांना माहीत होता.

मी त्याच दिवशी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. विचारणा आली की, दुरुस्ती सुचवण्यास आपण सक्षम आहात काय? तो पत्रव्यवहार चालला तोवर माणसं यायला लागली. बीडचा एक शिपाई आला, त्याला खाकी गणवेशाखाली खाज सुटायची. नांदेडकडून एक पोस्टमास्तर आला. मी सांगायचो की मी कारकून आहे. ते म्हणायचे, असू द्या, यादीत तुम्हीच आहात. घरी परत पाठवायचं तर त्यांचा प्रवास वाया जाणार. मग मी त्यांना बसवून घेऊ लागलो आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं तेच विचारू लागलो. कधी होतं, कधी जातं, होताना हातात काय असतं. काहींचं तेवढ्यानंच भागायचं. शिपायाला नवा गणवेश चार वेळा धुऊन घालायला सांगितलं, तो बरा झाला. बाकीच्यांना मी सोलापूरला धाडायचो, छाती लिहून. डॉक्टर एकालाही नाही म्हणाले नाहीत. एकदा त्यांनी चिठ्ठी पाठवली, तुमचं निदान बरोबर होतं. ती मी घरी कुणाला दाखवली नाही, पण बरीच वर्षं जपली.

दुरुस्तीचा कागद आला तो एका दुपारी. माझ्या नावावर काट मारली होती आणि त्यापुढची जागा कोरी होती. शीर्षक तसंच, समोर कुणीच नाही. म्हणजे आता नियमानं ॲलर्जीचा रुग्ण कुणाकडंच जाऊ शकत नव्हता. बाहेर बाकावर तेरखेड्याचे एक शिक्षक सकाळपासून बसले होते. गावात दारूकाम, फटाक्यांची भुकटी हवेतच असते, त्यांचे दोन्ही हात भेगाळून सोलले होते आणि फळ्यावर खडू धरवत नव्हता.

मी कागदावर आवक क्रमांक टाकला नाही. तो टेबलाच्या तळाच्या खणात, जुन्या ब्लॉटिंगखाली ठेवला, खण लावला, आणि मास्तरांना आत बोलावलं.